अण्णांची अमावास्या

॥ श्री ॥
अलिबाग,
२७ जून २०२५

चि. नरहर यास,
थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आशीर्वाद पद्धत म्हणून लिहिले आहेत. आत्ता समोर असतास तर अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही कान पिळला असता तुझा.

फोन का केला नाही म्हणशील. केला होता. पण तू रागावलास की कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवतोस आणि आवाज येत नाही म्हणून ओरडत राहतोस, हे मला मंजिरीनं सांगितलंय. सून गुणी आहे तुझी, खोटं बोलत नाही. पत्राला यंत्र लागत नाही. तेव्हा डोळे उघडे ठेव आणि वाच.

परवा आमच्या दिनकरनं मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. तुझ्या अनन्यानं घरच्या ग्रुपवर टाकलेला. केळीचं पान, खीर, वडे, आमसुलाची चटणी, आणि खाली हिंदीत लिहिलेलं, की आज पणजोबांचं श्राद्ध. मी म्हटलं, बाई, माझे डोळे गेले की यांची अक्कल? अरे, आज कसलं श्राद्ध? अण्णा गेले आषाढातल्या अमावास्येला, गटारीच्या दिवशी. रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून निघाली ती रेवसला पोचलीच नाही. काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेच्या वर माणसं गेली आणि त्यांत आपला बाप गेला. हे तुला मी सांगायचं का? ती अमावास्या यंदा चोवीस जुलैला आहे. परवा झाली ती ज्येष्ठातली!

मग दिनकरनं उलगडा केला. तुमच्याकडे उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणून त्यांची आषाढ अमावास्या आपल्याआधी महिनाभर येऊन जाते, आणि आपल्या आषाढातल्या अमावास्येला ते लोक श्रावणातली म्हणतात. तू पन्नास वर्षं लखनौत काढलीस ना रे? जन्मभर रेल्वेच्या डब्यांचे ब्रेक तपासलेस. गाडी कुठे थांबते ते कळतं तुला, महिना कुठे थांबतो ते कळत नाही. दिवे लावलेस!

हेमा होती तोवर हे झालं नाही. मी दर दिवाळीला मराठी कॅलेंडर पाठवायची, ती ते स्वयंपाकघरात लावायची आणि तिथी पाहून तुला पाटावर बसवायची. ती गेल्यापासून कॅलेंडर मी पाठवतेच आहे. ते काय चुलीत घालतोस? म्हणजे चार वर्षं अण्णांच्या तिथीला त्यांच्या नावानं कोणी पाण्याचा थेंब सोडला नाही. चार वर्षं आपला बाप उपाशी आहे, नरहर, आणि महिनाभर आधी तू भलत्याच कोणाला तरी खीर-वडे वाढतोयस.

मी काय करत होते म्हणशील. मी त्या दिवशी दिवे घासते, पुजते आणि गप्प बसते. बायकांना तेवढंच ठेवलंय. पाणी सोडायचं काम तुझं, कारण तू मुलगा. ते एक काम तुला होतं.

तेव्हा चोवीस जुलैला श्राद्ध परत करायचं. नीट, अण्णांच्या तिथीला. मला दुसरं काही नको.

आंब्यांची पेटी मिळाली. दशहरी गोड निघाले, पण हापूसची सर नाही. हे रागाच्या भरात लिहीत नाही, खरंच नाही.

मंजिरी, अभिजित, अनन्या यांना माझे मनापासून आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ सध्या राखून ठेवला आहे.

तुझी,
पद्माताई


॥ श्री ॥
मानक नगर, लखनौ,
३ जुलै २०२५

ती. पद्माताईस,
नरहरचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. तीनदा वाचलं, कारण पहिल्या दोन वेळा अर्ध्यातच फाडावंसं वाटलं.

आता माझं ऐक. मी आलमबागच्या पंडितजींना आषाढ अमावास्या कधी ते विचारलं, त्यांनी पंचांग उघडून सांगितलं, मी केलं. त्यांच्या पंचांगात तेच छापलंय. देशात दोन प्रकारचे महिने चालतात यात माझा काय गुन्हा? चंद्र काही तुमच्या अलिबागला वेगळा उगवत नाही. अमावास्या ती अमावास्या. दर्भ होता, तीळ होते, मी उपाशीपोटी दोन तास पाटावर बसलो होतो. या वयात पाटावरून उठताना काय होतं ते तुला सांगायला नको.

परत मी करणार नाही. बस, खतम. वाढदिवस चुकीच्या दिवशी साजरा झाला म्हणून कोणी परत जन्म घेत नाही. इथे इतकी उमस आहे की पंख्याखाली बसून घाम येतो, त्यात बिजली गुल होते. मंजिरीनं शाळा सांभाळून, त्या भट्टीत उभं राहून सगळा स्वयंपाक केला. तिला मी खामखा दुसऱ्यांदा चुलीशी उभी करणार नाही. फारच वाटत असेल तर पुढच्या वर्षीपासून सतरा जुलैला करीन, बोट बुडाल्याच्या तारखेनं. तारीख तरी काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच आहे.

आणि उपाशी उपाशी काय लावलंयस? तुझे अण्णा म्हणजे निम्मे अण्णा आणि निम्म्या तुझ्या कहाण्या. गिरगावात हार्मोनियमच्या कारखान्यात पेट्यांना सूर लावायचे, एवढं खरं. पुढे तू जे चढवलंस ते बघ. म्हणे गावच्या भजनासाठी केलेली नवी पेटी त्यांच्याबरोबर बोटीत होती. म्हणे ती त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. म्हणे दर वर्षी त्या अमावास्येला काशाच्या खडकापाशी ती पाण्याखाली वाजते आणि कोळ्यांना ऐकू येते. ताई, मी इंजिनिअर आहे. पेटीचा भाता भिजला की ती मेली. खाऱ्या पाण्यात तिचे सूर महिन्याभरात गंजून जातील. हे तू माझ्या नातीला सांगतेस, ती कॉलेजात जाऊन सांगते, आणि तिच्या मैत्रिणी मला येऊन विचारतात की दादाजी, वो हारमोनियम वाली बात सच है क्या. मी काय उत्तर देऊ?

त्या बोटीतून प्रत्येक घरानं आपापलं काहीतरी वर काढलंय. कोणाच्या सोन्याचा डबा बुडाला, कोणाचा माणूस पोहत कुठल्या तरी बेटावर गेला आणि अजून तिथेच आहे. ज्या घरात कधी पितळेचं वाळं नव्हतं त्याचंही सोनं रामदासातच गेलं. आपण पेटी काढली. माणूस काही वर आला नाही. तो विषय आता पुरे.

अभिजितला ऑफिसच्या कामानं सतत टूरवर जावं लागतं. अनन्याची परीक्षा संपली. बाकी आम्ही ठीक.

हापूसची सर नाही ना? मग पुढच्या वर्षी पाठवत नाही. राखून ठेवलेला लोभ कोरड्या जागी ठेव, तुमच्याकडे पावसात सगळ्याला बुरशी येते.

तुझा,
नरहर


॥ श्री ॥
अलिबाग,
८ जुलै २०२५

चि. नरहर यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

नाचता येईना अंगण वाकडं. पंडितजींनी सांगितलं, पंचांगात छापलं, चंद्र एकच आहे, सून दमली. सगळ्यांची चूक, फक्त तुझी नाही. मंजिरीला राबवू नकोस, तू राब. खीर ढवळायला इंजिनिअरिंगची पदवी आड येत असेल तर ती जरा वेळ खुंटीला टांग.

आणि पेटीचं म्हणतोस. पेटी पाण्यात वाजत नाही हे मलाही कळतं. मी काय वेडी आहे? पण तू हसलास म्हणून आज तुला सांगते, ती गोष्ट मी रचलेली नाही. बोट बुडाल्याचं कळलं तशी आई रेवसच्या धक्क्यावर जाऊन बसली. पोट एवढं पुढे आलेलं, तुझंच. मला कडेवर घ्यायला तिला जमेना म्हणून मी तिच्या लुगड्याला धरून उभी. पोहून आलेली माणसं येत होती, वाहून आलेली येत होती, आणि आई प्रत्येकाचं तोंड बघत होती. पावसात. जेवायची नाही, बोलायची नाही. काका तिला दंडाला धरून घरी नेत आणि ती परत येऊन बसे. शेवटी एका म्हाताऱ्या कोळ्याला दया आली. त्यानं तिला सांगितलं, की वहिनी, खडकापाशी पेटी वाजताना ऐकली मी, तुमचा माणूस सुखात आहे, आता पोटातल्यासाठी दोन घास खा. आणि त्या दिवशी आई जेवली. ज्या गोष्टीनं आई जेवली आणि तू जगलास, तिला तू हसू नकोस. तुझा भाता-बिता तुझ्यापाशी ठेव!

आता दुसरं. तेही आजवर लिहिलं नव्हतं, पण तू मला लिहायला लावलंस.

अण्णा मिळालेच नाहीत. तेव्हा काकांनी दर्भाचा माणूस करवला, दर्भाचेच हात, दर्भाचेच पाय, आणि त्याला अग्नी द्यायचं ठरलं. तू तेव्हा पाळण्यात होतास. तुला उचलून आणला, तुझी मूठ उघडून तिच्यात जळती काडी धरल्यासारखी केली आणि काकांनी वरून आपला हात धरला. मुलाच्या हातून झालं म्हणून सगळ्यांनी निःश्वास टाकला. मी कुठे होते? मागे, बायकांत. मी चार वर्षांची होते. मी त्यांच्या मांडीवर बसले होते, त्यांच्या कोटाच्या खिशात हात घालून खडीसाखर काढली होती, त्यांच्या दाढीचे खुंट गालावर टोचून घेतले होते. मला माहीत होतं तिथे कोण जळतंय. तुला माहीतही नव्हतं. आणि पुढे तू आणि मागे मी. त्या दिवसापासून मी रागावलेली आहे, नरहर. तुझ्यावर नाही म्हणणार होते, पण तुझ्यावरच.

तुला करायचं नाही ना? नको करूस. मी करते.

इथल्या गुरुजींकडे गेले होते. त्यांचं म्हणणं, मुलगा हयात असताना मुलीला अधिकार नाही, शिवाय लग्नात माझं गोत्र बदललं. मी विचारलं, गोत्र बदललं, बाप बदलला का? तर ते चष्मा पुसत बसले. पुण्यात बायका स्वतः श्राद्धं सांगतात, आणि आमच्याकडे ब्याऐंशी वर्षांच्या बाईनं बापाला पाणी द्यायचं तर तिला चष्मा पुसून दाखवतात. मला गुरुजी नकोतच. मंत्र मला पाठ आहेत. तुझ्या मुंजीनंतर तू पाटावर बसून अडखळायचास तेव्हा दाराआडून मीच पुढचा शब्द सांगायची. चोवीस तारखेला मी रेवसला जाणार आणि समुद्रात अण्णांना पाणी देणार.

तुझ्याकडे आईनं मुंजीत दिलेलं तांब्याचं पळी-पंचपात्र आहे. अण्णांच्या संध्येचं. गावच्या देवघरात राहिलं म्हणून वाचलं, तेवढं एकच त्यांच्या हातचं. ते पाठव. मला त्यातूनच पाणी द्यायचंय. कुरिअरनं पाठव, पोस्टानं पाठव, रेल्वेच्या वशिल्यानं पाठव, पण पाठव.

मंजिरीला माझ्याकडून दोन दिवस विश्रांती घ्यायला सांग. तुला लोभ हवा असेल तर आधी भांडी पाठव.

पद्माताई


॥ श्री ॥
मानक नगर, लखनौ,
१४ जुलै २०२५

ती. पद्माताईस,
नरहरचा नमस्कार. या वेळी साष्टांग नाही.

तुला मागे उभं केलं म्हणून तू एवढी वर्षं रागावलीस. मला पुढे उभं केलं. पुढे काय वारा येतो असं वाटलं तुला? पाळण्यातल्या पोराची मूठ उघडताना त्याला कोणी विचारलं होतं?

तू अण्णांची खडीसाखर खाल्लीस. मला काय मिळालं ते मी सांगतो. अण्णा त्या बोटीत का चढले, सांग बरं? मी व्हायचा होतो म्हणून. बायको अडायच्या आत घरी पोचायचं म्हणून. आजी हे मला दर वर्षी ऐकवायची. याच्या पायी माझा मुलगा गेला, पांढऱ्या पायाचं पोर, जन्मायच्या आधी बापाला खाल्लं यानं. तू तेव्हा अंगणात सागरगोटे खेळत असायचीस, तुझ्या कानांवर आलं नसेल, किंवा आलं असेल. मुंज झाली आणि मला पाटावर बसवलं. आठ वर्षांचं पोर, डोक्याचा गोटा, समोर खीर आणि वडे. ज्याला मी खाल्लं असं सगळं घर म्हणत होतं त्यालाच मी जेवू घालत होतो. आणि दाराआडून तू माझे मंत्र दुरुस्त करत होतीस! वा!

म्हणून मी गावाबाहेर, जिल्ह्याबाहेर, जिथे समुद्र नाही तिथे नोकरी घेतली. लोक मला विचारतात, महाराष्ट्र सोडून इकडे कसे आलात. मी सांगतो, प्रमोशन होतं.

तुझ्या कॅलेंडरबद्दल विचारलंस. ते चुलीत घालत नाही. चारही वर्षांची कपाटावर ठेवली आहेत, गुंडाळ्या सोडलेल्या नाहीत. स्वयंपाकघरातल्या खिळ्याला हेमानं लावलेलं शेवटचं कॅलेंडर आहे. त्यावर दूध कधी नव्हतं, गॅस कधी आला, कामवाली कधी आली नाही, ते तिच्या अक्षरात आहे. ते उतरवून तिथे दुसरं लावणं मला जमत नाही. मंजिरीनं एकदा हात लावला तर मी तिच्यावर इतका ओरडलो की ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तर घरात तिथी बघायला काही नाही, म्हणून मी पंडितजींना विचारायला जातो. झालं समाधान? आता दिनकरला सांग, ग्रुपवर टाक म्हणावं.

अधिकाराचं बोलतेस. तुझे गुरुजी म्हणतात तो मुलाचा. मला तो कधी नको होता. कोणी घेतो म्हणाला असता तर आठव्या वर्षीच देऊन टाकला असता. तू घे. गोत्र-बित्र गेलं खड्ड्यात. पळी-पंचपात्र अनन्या घेऊन येते आहे, तिला सुट्टी आहे आणि तिला तुझ्या कहाण्यांची हौस आहे. चिंचेनं घासून दिलंय, मीच घासलं.

मी येणार नाही. माझे गुडघे दुखतात. त्यावर परत काही लिहू नकोस.

लोभाचं तुझं तू बघ.

नरहर


(त्याच पाकिटातली दुसरी चिठ्ठी)

प्रिय पद्माआजी,
सादर नमस्कार. हे मम्मीनं शिकवलं, की मोठ्यांना असंच लिहायचं. मी हिंदीत विचार करते आणि मराठीत लिहिते, तर गलती झाली की माफ कर. आजोबांचं पाकीट मी पोस्टात टाकते आहे, म्हणून माझीही चिठ्ठी आत ठेवते. त्यांना माहीत नाही.

फोटो मीच टाकला होता. मला वाटलं छान आहे, सगळ्यांना दिसेल. यार आजी, मला काय माहीत एवढा बवाल होईल. सॉरी.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आजोबा आलमबागला सब्जी आणायला म्हणून गेले आणि सीधे पंडितजींच्या घरी. एवढं भांडले की शेजारचे लोक बाहेर आले. पंडितजी बिचारे म्हणत होते की बाबूजींनी कधी सांगितलंच नाही त्यांच्याकडे महिना वेगळा चालतो, सांगितलं असतं तर त्यांनी हरियाली अमावस्या, म्हणजे तुमचीवाली, सांगितली असती. आजोबा म्हणाले की विचारायला पाहिजे होतं. मग भैया लोकांनी त्यांना ई-रिक्षात बसवलं. सब्जी राहिलीच. तुला त्यांनी लिहिलं की चूक त्यांची नाही, पण घरी येऊन देवघरासमोर खूप वेळ बसले होते. जेवले पण नाहीत.

आणि गुडघ्यांची गोष्ट झूठ आहे. रोज सकाळी कॉलनीचे दोन राउंड मारतात. असली बात पाणी आहे. पापा लहान असताना शाळेची बोटिंगची पिकनिक होती, आजोबांनी जाऊ दिलं नाही. मागच्या वर्षी आम्ही सगळे गोमतीवर फिरायला गेलो तर ते गाडीतून उतरलेच नाहीत, नदीकडे पाठ करून बसले. मी विचारलं तर म्हणाले धूप आहे. तेव्हा संध्याकाळ होती.

ते येणार नाहीत, आजी. मी येते. दिनकरकाकांना मी ट्रेनचा टाइम कळवला आहे.

तुझी,
अनन्या


॥ श्री ॥
अलिबाग,
२५ जुलै २०२५
(अनन्याच्या हाती)

चि. नरहर यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल झालं. तुला सगळं क्रमानं सांगते. अनन्यानं मोबाइलवरून तुला सगळं दाखवायचं म्हटलं होतं, मी नको म्हणाले. तू यंत्र काढून ठेवलं असतंस.

दिनकरनं गाडीनं रेवसला नेलं. पाऊस आडवा, अनन्याची छत्री दोनदा उलटी झाली. अमावास्येचं उधाण होतं, पाणी धक्क्याच्या पायऱ्या चढून वर आलेलं. तिथल्या एका माणसानं मला हटकलं, की आजी, पायऱ्यांवर जायचं नाही. मी त्याला म्हटलं, बाळा, मी इथे तुझ्या आजोबांच्या वेळेपासून येते आहे, हात धरायचा तर धर नाहीतर बाजूला हो. त्यानं हात धरला. एका बाजूनं तो, एका बाजूनं तुझी नात. पोरगी घाबरली होती पण माझा हात तिनं सोडला नाही. तुझ्यापेक्षा धीराची आहे.

जानवं तर मला नाही. तेव्हा पदर उजव्या खांद्यावर घेतला, दक्षिणेकडे तोंड केलं. पंचपात्रात तीळ घातले. लखलखीत घासलंयस. पळी हातात घेतली आणि अण्णांचं नाव घेतलं, गोत्र घेतलं, त्यांचं. माझं आता कुठलं ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

पहिली ओंजळ सोडली आणि तृप्त व्हा म्हणायचं तर तोंडातून निघेना. निघालं ते भलतंच. ओरडलेच मी. त्यांना विचारलं, आभाळ दिसत नव्हतं? एक दिवस थांबला असतात तर काय बिघडलं असतं? बाई बाळंत व्हायला सुईण लागते, नवरा लागत नाही! त्या पोराचं नाव खराब केलंत जन्मायच्या आधी, आणि माझ्या आईला या धक्क्यावर बसवून ठेवलंत. लाँचची वाट बघणारे लोक माझ्याकडे बघायला लागले. बघू देत. तुम्ही तृप्त व्हा नाहीतर होऊ नका, म्हटलं, मी अजून झालेली नाही. अनन्या माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली की आजी, और बोलो. म्हणून आणखी बोलले.

दुसरी ओंजळ आईच्या वतीनं दिली. तिलाही पुष्कळ बोलायचं असणार, पण ती त्यांचं नावसुद्धा कधी घेत नसे. तिच्या वाटचं मला माहीत नाही म्हणून गप्प राहूनच दिली.

आजीचं म्हणतोस ते मी ऐकत होते. अंगणात सगळं ऐकू यायचं. त्याबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही, समोर ये मग बोलू. पळी-पंचपात्र मी ठेवून घेतलं आहे. पुढच्या वर्षी हवं असेल तर न्यायला ये. समुद्र घरापासून लांब आहे, आमच्या खिडकीतून दिसत नाही. हेमाचं कॅलेंडर आहे तिथेच राहू दे. दुसऱ्या भिंतीवर एक खिळा ठोक. मंजिरीला सांग, ठोकून देईल.

तिसरी ओंजळ हातात घेतली आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पाणी बोटांतून गळून गेलं, परत भरून घ्यावं लागलं. अरे, अण्णा बोटीत चढले तेव्हा तू पोटात होतास. त्यांना मुलगा झाला की मुलगी, जगला की गेला, काही कळलंच नाही. आपण सगळ्यांनी त्यांना सत्तर वर्षं खीर वाढली, वडे वाढले, आणि ही एक गोष्ट कोणी सांगितली नाही. तू दर वर्षी त्यांच्यापुढे बसत होतास आणि तू कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मग मी सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, उधाणाचा आवाज होता म्हणून. अण्णा, मुलगा झाला. नरहर नाव ठेवलं. नाक तुमच्यावर गेलंय. सुखरूप झाला, आईही सुखरूप सुटली. तुम्ही पोचला नाहीत, पण तो पोचला.

तुझी,
पद्माताई